बारा सेकंद

रविवार, ७ सप्टेंबर

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला पुन्हा नोकरी लागली. पगार नाही, खुर्ची नाही, हाताखाली माणूस नाही. पद मात्र भारदस्त आहे : एकोपा समितीची निमंत्रक. समितीच्या नोंदींची वही वेगळी ठेवणार आहे. तिथे सभ्य भाषा लागते, म्हणून ही दुसरी.

उपासना संपल्यावर पाळकांनी मला कार्यालयात बोलावलं. हे पाळक लहानपणी माझ्याच रविवारच्या शाळेत नाक ओढत बसत, त्यामुळे त्यांचा झगा कितीही पांढरा असला तरी मला त्यांचा कायम घरी राहिलेला रुमालच आठवतो. त्यांनी माझ्यापुढे एक पत्र सरकवलं. उजवीकडच्यांचं.

आमच्या चर्चमध्ये मधल्या वाटेच्या डावीकडे आम्ही बसतो, म्हणजे ज्यांच्या आजोबांनी या भिंती उभ्या केल्या ते. उजवीकडे ते, म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत कामधंद्यासाठी आलेले, दुसरी भाषा बोलणारे. कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका, इस्पितळातल्या आया, बांधकामावरचे लोक. देव एक, छप्पर एक, पंखे मात्र आमच्या बाजूला दोन जास्त. सगळी उपासना आमच्या भाषेत चालते. प्रभूची प्रार्थना तेवढी ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणावी, असं पाच वर्षांपूर्वी ठरलं. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. उदार मनाने. थोडा.

पत्र तीन ओळींचं होतं. आमची प्रार्थना पुरी व्हायच्या आत दर रविवारी ऑर्गन वाजू लागतो आणि गीत सुरू होतं. पाच वर्षांत इथे आम्ही ती एकदाही शेवटापर्यंत म्हटलेली नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून आम्ही फर्निचरवाल्याच्या गोदामात वेगळे जमू.

खाली चौसष्ट सह्या. अठ्ठेचाळिसावी माझ्या सुनेची.

पाळक म्हणाले, "मावशी, गीत लवकर का सुरू होतं ते तुम्ही शोधून काढा. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता पेपरवेटकडे का बघत होते, देव जाणे. लहानपणीही नजर चुकवायची सवय होतीच.

घरी येताना बसमध्ये सून शेजारीच बसली होती. सहीबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लेक जहाजावर असतो, वर्षातले नऊ महिने. त्याने 'त्यांच्यातली' मुलगी आणली आणि ती माझ्याकडे ठेवून समुद्रावर निघून गेला. लग्नाला चार वर्षं झाली, ती मला कशानेच हाक मारत नाही. तिचं बोलणं "ऐका ना"ने सुरू होतं, माझं "अगं"ने. एवढ्या भांडवलावर आमचं घर चालतं, आणि तसं बरं चालतं. बसच्या पायऱ्यांवर माझा गुडघा अडतो तेव्हा ती न विचारता कोपर पुढे करते. गोदामात जायची असेल तर खुशाल जावी. बसचे दांडे धरता येतात मला.


गुरुवार, ११ सप्टेंबर

समितीची पहिली बैठक. सभासद तीन : मी, माझ्याच बाकावर बसणाऱ्या दंतवैद्यबाई, आणि त्यांच्याकडून फरशीवाले. हे फरशा बसवण्याचं काम करतात. पन्नाशीचे, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेली पँट, नखांत सिमेंट. बसायच्या आधी त्यांनी खोलीच्या फरशीकडे बघून किंचित मान हलवली. आमच्या आजोबांनी बसवलेली फरशी आहे ती. मला राग आला, पण निमंत्रकाने रागावू नये म्हणून मी तो दंतवैद्यबाईंवर काढला.

मी प्रास्ताविक केलं. ऐक्य म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला दोनशे मुलींना एका आवाजात कसं बोलायला लावत, वगैरे. प्रास्ताविक चाळीस मिनिटं चाललं. फरशीवाले दोनदा बोलायला गेले. पहिल्यांदा "आमचं म्हणणं इतकंच की ऑर्गन…" एवढं म्हणाले, तेव्हा मी "लवकर वाजतो, कळलं" असं म्हणून त्यांचं वाक्य पुरं केलं. दुसऱ्यांदा "पण ऑर्गन वाजतो तो…" म्हणाले, तेही मी पुरं केलं.

ही माझी जुनी हातोटी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा पर्यवेक्षक म्हणून. ट्रंक कॉल लावून द्यायचा, तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून "वेळ संपली" म्हणायचं आणि खटका ओढायचा. माणूस तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते मला कळायचं. बत्तीस वर्षांत माझ्याबद्दल एकही तक्रार आली नाही. तक्रार नोंदवायलाही माझ्याकडेच फोन करावा लागे, हा भाग वेगळा.


रविवार, १४ सप्टेंबर

निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजने मला एक स्टॉपवॉच भेट दिलं होतं. तेव्हा वाटलं, लोक थट्टा करतायत. आज ते कामाला आलं. मी ते मुठीत लपवून प्रार्थनेला बसले, परीक्षेत चिठ्ठी लपवावी तसं. आयुष्यात कधी लपवली नव्हती.

नोंद अशी : प्रार्थनेच्या पहिल्या शब्दापासून माझ्या आमेनपर्यंत सव्वीस सेकंद. माझ्या आमेनपासून ऑर्गनच्या पहिल्या सुरापर्यंत दीड सेकंद. फक्त दीड. नंतर सुनेच्या एका मैत्रिणीला गाठून त्यांची प्रार्थना म्हणून दाखवायला लावली. अडतीस सेकंद. म्हणजे त्यांना बारा सेकंद जास्त लागतात आणि ऑर्गनवाले दीड सेकंदाच्या वर थांबायला तयार नाहीत.

गुन्हेगार सापडला. ऑर्गनमास्तर.

माझ्या आमेनबद्दल इथे लिहून ठेवते, कारण दंतवैद्यबाई म्हणतात की त्याची कुणी तरी नोंद करायला हवी. सिस्टर म्हणायच्या, आमेन म्हणजे उसासा नव्हे, शिक्का आहे. तो कागदावर उमटला पाहिजे. चूक झाली की पट्टी तळहातावर उमटायची. तेव्हापासून माझं आमेन असं लागतं की मागच्या बाकावर पेंगणारे दोघे-तिघे सरळ होतात. बाकीची डावी बाजू पुटपुटत, एकेक करत, नळ गळावा तशी संपते. मी आहे म्हणून प्रार्थनेला शेवट तरी आहे.

पुराव्याचा कागद सुनेला दाखवला. ती कणीक मळत होती. तिने आकडे वाचले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि "ऐका ना, हा जो मधला आकडा आहे…" म्हणाली. मी म्हटलं, "दीड सेकंद. बघ ना, किती घाई." ती पुन्हा कणकेकडे वळली.


मंगळवार, १६ सप्टेंबर

मास्तरांना दोष देण्याआधी दुसऱ्या पक्षालाही सुधारण्याची संधी द्यावी, हा न्याय. म्हणून आज फरशीवाल्यांना त्यांच्या कामावर जाऊन गाठलं. एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट अजून खोक्यात होती. गुडघ्याने वाटेत प्रत्येक मजल्यावर माझं मत विचारलं.

मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, तुमच्या लोकांनी बारा सेकंद आटोपतं घ्यावं. दर शब्दामागे थोडं थोडं कापलं तर सहज जमेल.

ते ओणवे होऊन एक फरशी लाकडी हातोडीने ठोकत होते. ठोकणं थांबलं नाही. म्हणाले, "बाई, फरशी बसवली की तिला वाळायला वेळ द्यावा लागतो. त्याच्या आत कुणी पाय दिला तर ती एकच हलत नाही, रांगच्या रांग हलते."

मी म्हटलं, मग कुणी पाय देऊ नये म्हणून लक्ष ठेवा.

ते म्हणाले, "तेच तर करतोय," आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी खाली पाहिलं तर एका ओल्या फरशीवर माझी चप्पल.

भिंतीला धरून बाहेर आले. त्यांनी ती फरशी उपसली, खालचं सिमेंट सारखं केलं आणि पुन्हा बसवली. एक शब्द बोलले नाहीत. शब्द बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं. माणसाने दुसऱ्याला एवढी तरी संधी द्यावी.


रविवार, २१ सप्टेंबर

आजचा दिवस समितीच्या वहीत 'प्रयोग' म्हणून नोंदवला आहे. या वहीत त्याचं खरं नाव लिहिते : फजिती.

प्रयोग माझाच. उजवीकडच्यांनी बारा सेकंद आधी प्रार्थना सुरू करायची, डावीकडच्यांनी मी मान हलवल्यावर. दोघं एकदम संपणार. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याची आकृतीसुद्धा काढली होती.

पाळकांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटलं आणि उजवीकडच्यांनी सुरुवात केली. लगेच आमच्यातल्या अर्ध्यांनीही केली, कारण शेजारी कुणी तरी प्रार्थना करतंय आणि आपण गप्प आहोत हे त्यांना पटेना. उरलेले अर्धे माझ्या मानेकडे बघत राहिले. मान हलवायची की पुढे गेलेल्यांना गाठायचं, हा प्रश्न पडला. मी गाठायचं ठरवलं. आयुष्यात इतक्या वेगाने मी देवाशी बोललेले नाही. एकोणीस सेकंदांत संपवून, सवयीने, नीट शिक्का मारला.

ऑर्गन वाजला. सगळे अर्ध्यावर असताना.

सगळे गीतासाठी उठले, पण फरशीवाले तोंड मिटून पुन्हा खाली बसले. त्यांच्यामागे उजवी बाजू, एकेक बाक करत, खाली बसली. आमच्यापैकी काही गात होते, काही अजून प्रार्थनेत होते, एक आजोबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. माझी सून उभीच राहिली. मग तिनेही गीताचं पुस्तक मिटलं आणि बसली.

उपासनेनंतर फरशीवाले पाळकांना म्हणाले, आता पुढचा रविवार शेवटचा. पाळक माझ्याकडे बघून "मावशी, सापडलं का काही?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सापडलंय, दोन दिवसांत मुळावर घाव घालते.

बसमध्ये सून उभी राहिली. जागा होती तरी.


मंगळवार, २३ सप्टेंबर

मास्तरांच्या घरी गेले. हे पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करत. टाइपरायटर संपले, मास्तर उरले. खोलीभर सुटे भाग डब्यांत भरून, वर चिठ्ठ्या लावून ठेवलेत. चहा देताना त्यांनी बशीही दिली, म्हणून मला जरा वाईट वाटलं. ज्याला झापायचं त्याच्या घरी बशीतून चहा पिऊ नये.

मी पुराव्याचा कागद टेबलावर ठेवला आणि सविस्तर बोलले. ते ओठांकडे बघत ऐकत राहिले. त्यांचे कान गेलेत हे सगळ्यांना माहीत आहे. कानातलं यंत्र ऑर्गनजवळ शिट्ट्या मारतं म्हणून ते काढून ठेवतात. वाजवताना तोंड भिंतीकडे, मागचं दिसावं म्हणून समोर लावलेला आरसा आंधळा झालेला. तरी गेली सहा-सात वर्षं एकाही गीताची सुरुवात चुकली नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मग त्यांना कळतं तरी कसं, हा प्रश्न मला पडला नव्हता. ज्या बाईला समोरच्याची वाक्यं आधीच पुरी करता येतात तिला प्रश्न पडत नाहीत.

माझं संपल्यावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि दीड सेकंदावर बोट ठेवून लहान मुलासारखे खूश झाले.

"दीडच? छान आहे की. मी तर तुमच्या आमेनवरच सुरू करतो, बाई. सगळ्या चर्चमध्ये मला ऐकू येतं ते तेवढंच."

मी चहा घेतला. बशीत ओतून घेतला, जे मी कधी करत नाही.

ते पुढे सांगत राहिले. मी सात वर्षांपूर्वी आजारी होते त्या रविवारी त्यांना सुरूच करता आलं नाही, पाळकांना येऊन खांद्याला हात लावावा लागला. तुम्ही आहात म्हणून मी टिकून आहे, नाही तर कधीच घरी बसवलं असतं, म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ते ऑर्गन लवकर वाजण्याचं काय ते शोधा बुवा, बिचाऱ्यांची प्रार्थना राहते म्हणे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण म्हणतो. माझ्या काखेत कळसा असता तरी परवडलं असतं. माझ्या काखेत भोंगा होता.


बुधवार, २४ सप्टेंबर

कुठे गेले नाही. दंतवैद्यबाईंचा फोन आला, "काय झालं, मास्तरांना दटावलं का?" मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?" आणि मग इतका वेळ गप्प राहिल्या की उत्तर मिळालं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पाळकांना, फरशीवाल्यांना, चौसष्ट सह्यांना. पेपरवेटलासुद्धा. आरोपीलाच तपास अधिकारी नेमलं होतं, आणि आरोपीने मन लावून तपास केला.

दिवसभर एक्स्चेंजमधला एक माणूस आठवत राहिला. नाव-गाव कधी कळलं नाही, फक्त आवाज. तीन मिनिटं झाली, मी "वेळ संपली" म्हटलं, तर तो म्हणाला, "बाई, एकच गोष्ट राहिली आहे." मी खटका ओढला. नियम होता. ती गोष्ट काय होती याचा विचार मी तेव्हा केला नाही. आज दुपारभर केला, गॅसवर दूध ठेवून. दूध गेलं.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

सुनेला सांगायला तीन दिवस लागले. मी भाजी निवडत होते, ती डबे पुसत होती. मी भाजीलाच सांगितलं, "माझ्या आमेनवर ऑर्गन वाजतो म्हणे."

"हो," ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग चार वर्षं सांगितलं का नाहीस?"

तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "तीनदा सुरुवात केली होती. प्रत्येक वेळी तुम्ही शेवट सांगून टाकलात. तुमचा शेवट वेगळाच होता."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकोणसत्तराव्या वर्षी नवीन व्यायाम आहे हा, जबडा दुखतो.

ती शांतपणे बोलत राहिली. मी मध्ये पडले नाही, म्हणून तिचं सगळं बोलणं ऐकू आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यासमोर इतकं सलग बोलली असेल. तिची आई तिला लहानपणी ही प्रार्थना शेवटून शिकवायची : आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची. म्हणजे शिकता शिकता झोप लागली तरी शेवट राहू नये. आई आता नाही. आमच्या चर्चमध्ये नेमकी तीच शेवटची ओळ दर रविवारी ऑर्गनखाली जाते. "म्हणून सही केली," म्हणाली. "तुमच्यावर राग म्हणून नाही. गोदामात ती ओळ म्हणता येईल, एवढंच."

मी म्हटलं, परवा मी थांबेन. पण कशावर थांबू? तुमची भाषा मला येत नाही. चार वर्षांत मीठ आणि चावी एवढे दोन शब्द शिकले, तेही हरवल्यावर.

"शेवटची ओळ शिकवू?" तिने विचारलं.

तिच्या आईचीच पद्धत.


शनिवार, २७ सप्टेंबर

दिवसभर एका ओळीचा अभ्यास. कॉन्व्हेंटमध्ये पाठांतरात पहिली येणारी मी, सात शब्दांत चारदा पडले. जीभ अशा ठिकाणी वळवावी लागते जिथे ती कधी गेलेली नाही. सून हसू दाबत होती, मग दाबेनाशी झाली. सिस्टरची पट्टी असती तर आज तिने मला फोडून काढलं असतं. सुनेने फक्त "पुन्हा" म्हटलं.

लेकाचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे तीन मिनिटांत आटोपला आणि तिच्याकडे दिला. ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलते, तोही फाडफाड उत्तर देतो. माझा मुलगा. त्याला दोन शब्दांवर भागवावं लागलं नाही, एवढं लक्षात आलं.

एक तांत्रिक अडचण आहे. सुनेचा आवाज मला उजव्या बाजूवरून ऐकू येणार नाही, चौसष्टांत मिसळेल. तिने माझ्या शेजारी बसणं कामासाठी आवश्यक आहे. माझ्या शेजारी माझी पर्स बसते, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारीही तीच बसली होती. तेव्हा सून बाकाशी येऊन क्षणभर थांबली होती आणि मग पलीकडे गेली होती. मला वाटलं होतं, तिला तिच्या माणसांत बसायचं असेल.

पर्स उद्या खाली ठेवीन. तिच्या तळाला डाग पडतील. पडू देत.


रविवार, २८ सप्टेंबर

पर्स खाली, सून शेजारी, स्टॉपवॉच मुठीत. दंतवैद्यबाईंनी भुवया उंचावल्या; मी त्यांना सरका म्हटलं.

प्रार्थना सुरू झाली. खटका दाबला. मी हळू म्हणायचा प्रयत्न केला, तरी सव्वीसच्या आसपास आमचं संपलं. डावी बाजू पुटपुटत गळाली. मी दात आवळून धरले. समोर मास्तरांचे हात पट्ट्यांवर तरंगत होते, खाली यायला आतुर.

आणि मग फक्त त्यांचे आवाज राहिले. पाच वर्षं त्यांच्याबरोबर एका छपराखाली बसून मी तो आवाज आज ऐकला. आमच्यासारखा एकसुरी नाही, पायऱ्या उतरल्यासारखा आहे. माझी ओळ आली. सातही शब्द ओळखले. शेजारी सून ती म्हणत होती, डोळे मिटून, अगदी हळू, शेवटापर्यंत. तिचं आमेन झालं. इतरांचंही झालं.

मी श्वास घेतला, तर एक आवाज अजून चालू होता. फरशीवाले. ते मागे राहिले होते. सवयीने मध्येच थांबले असणार, आणि ऑर्गन वाजत नाही हे कळल्यावर पुन्हा सुरू केलं असणार. अडखळत, घसा खाकरत ते आपली ओळ एकटेच म्हणत होते, आणि सगळं चर्च त्यांना ऐकत होतं. मीही ऐकत होते. ओळ संपली. आत शांतता झाली, आणि ती इतकी चांगली होती की मी तिच्यातच बसून राहिले.

मास्तरांचे हात हवेत. पाळक माझ्याकडे बघतायत. उजवी बाजू माझ्याकडे बघतेय. डावीही. मी मागे वळून बघितलं, कुणाकडे बघतायत म्हणून.

सुनेने कोपर लावलं. बसमध्ये पुढे करते तेच.

"आई," ती म्हणाली, "आमेन."

म्हटलं. पण ते असं बारीक निघालं की माझं मलाच ऐकू आलं नाही. मास्तरांना कुठून येणार? ते बाकावरच मागे वळले आणि बहिऱ्या माणसांना आपला आवाज कळत नाही तशा खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "झालं का सगळ्यांचं?"

आधी उजवीकडे कुणी तरी हसलं. मग डावीकडे. मग पाळक, झग्याच्या बाहीने डोळे पुसत. रुमाल अजूनही नसतोच त्यांच्याकडे. मी उभी राहिले आणि सिस्टरनी शिकवलेलं आमेन काढलं. पेंगणारे सरळ झाले. ऑर्गन दीड सेकंदात वाजला असावा.

बाहेर पडताना फरशीवाले भेटले. म्हणाले, गोदामवाल्याला एक महिना थांब म्हणून सांगतो, नक्की काही नाही. मी "म्हणजे तुम्ही…" एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी वाट बघितली. मग म्हणाले, "बाई, त्या बैठकीच्या खोलीतली फरशी दोन ठिकाणी उचलली आहे. सवड झाली की बसवून देतो." आमच्या आजोबांच्या फरशीबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं. ते सगळं मी घरी आणलं आहे.

समितीच्या वहीसाठी वेळ नोंदवायची म्हणून आत्ता स्टॉपवॉचसाठी पर्स उघडली. बंद करायचं विसरले होते. पर्सच्या तळाशी ते अजून चालूच आहे.